भरलेला वजा रिकामा

गौरांगने लॅपटॉप आणला तेव्हा मी तो आधी
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.
एक किलो तीनशे साठ.
"मामी, रॅम बघायची असते, वजन नव्हे."
असेल. पण अकरा वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर काढली,
तोलल्याशिवाय मी काही आत सोडत नाही.

कोपऱ्यातला डेस्कटॉप कुठल्याच घरगुती काट्यावर मावणार नाही.
खाण बंद पडली, कंपनीने सामान विकायला काढलं:
खुर्च्या, हेल्मेटं, भिंतीवरचं बंद घड्याळ.
अठराशे रुपये मोजून
मी माझाच कॉम्प्युटर कुडचड्याला घरी आणला.
उघडला तर आतल्या पंख्यावर बोटभर तांबडी माती.
ब्रशने झाडली, वर्तमानपत्रावर जमवली,
आणि टाकवेना म्हणून
अबोलीच्या कुंडीत घातली.

आता त्याच्यावर दोन बारचे हिशेब, एका बेकरीचे,
पंचायतीतल्या लोकांचे अर्ज.
बटण दाबायचं आणि वाल सोलायला बसायचं.
अर्धा वाडगा झाला की एक्सेल उघडतं.
वीज गेली की यूपीएस टिटवीसारखा ओरडतो
आणि मी हातातलं पातेलं टाकून धावते.

लॅपटॉपला धावपळ ठाऊक नाही.
मी अजून चष्मा शोधत असते,
तो पासवर्ड मागत असतो.
वीज गेली तर त्याला कळतही नाही,
शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकून मला कळतं.

तक्रार एकच. त्याला उजवीकडचे आकडे नाहीत.
सात आठ नऊ, चार पाच सहा,
माझा हात तिथे अंधारातही चालतो,
पाचावरचा उंचवटा मीच झिजवून सपाट केलाय.
इथे सगळे आकडे वर एका ओळीत,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
एकेकाचं तोंड बघून हाक मारावी लागते.

पण गुरुवारी शेल्वणला गेले.
पिएदादचा गुडघा सुजलेला. पेन्शनच्या अर्जासाठी
एरवी तिने रिक्षा करून माझ्या दारात यायचं,
एक कागद विसरायचा, पुन्हा रिक्षा.
या खेपेला मीच तिच्या बल्कांवात,
लॅपटॉप मांडीवर, शेजारी दोदोलची बशी.
अर्ज गेला. मांडी भाजली.
"मांजर गो हे," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून
खरंच हात फिरवला.

काल गौरांगने जुनी डिस्क लॅपटॉपला जोडली.
अकरा वर्षं. सात मिनिटं.
हिरवी पट्टी सरकत होती तेव्हा एक फाइल उघडली,
अशीच, मधलीच कुठली तरी.

ट्रक ४४१७. चालक रोहिदास.
भरलेला सोळा टन दोनशे चाळीस.
रिकामा सहा टन शंभर.
बाकी दहा टन एकशे चाळीस.

तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं.
वजन करताना चालकाने उतरायचं असा नियम होता.
कुणी उतरत नसे. तोही नाही.
पावतीसाठी खिडकीतून हात काढून विचारायचा,
"किती भरलो गो?"
भरलेल्यात तो होता, रिकाम्यात तो होता,
म्हणून बाकीत कधीच आला नाही.
दिवसाला दहा वेळा मी त्याला तोललं
आणि त्याचं वजन मला आजही ठाऊक नाही.

"मामी, झालं कॉपी. आता जुना काढून टाकूया?"
मी म्हटलं, अबोलीला पाणी घाल जा.

ट्रक कधीच विकला. आता दाबोळीची टॅक्सी,
रात्रीची विमानं.
तीन वाजता अंगणात दिवे फिरले.
लॅपटॉप झाकण मिटून झोपलेला,
डेस्कटॉपचा पंखा घरघरत होता, बंद करायचा राहिला होता.
राहिला होता, असंच मी त्याला सांगितलं.
त्याने खिशातून दिवसभराच्या भाड्यांची चुरगळलेली चिठ्ठी काढली
आणि टेबलाच्या काठाला टेकून
एकेक आकडा वाचायला लागला.
मी त्याच्याकडे बघत होते.
उजवा हात आकडे घेत होता.